१९६६ची एमजीबी विकायची आहे: मूळ रूपात आणून, की आहे तशी?

शिवाजीपार्ककर
आमची इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या जागेत बंद गॅरेज नाही, आणि दादरच्या खाऱ्या हवेत या गाडीने एक पावसाळासुद्धा उघड्यावर काढू नये. म्हणून मनावर दगड ठेवून एमजीबी रोडस्टर, ही दोघांची, उघड्या छपराची जुनी ब्रिटिश गाडी, विकतोय. १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, तारांची चाकं, क्रोमचे बंपर. इंजिन मूळचंच.

मुंबईच्या ट्रॅफिकसाठी काही बदल केलेत: बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर, ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला विजेचा पंखा, हेडलाइटला रिले (स्विचवरचा भार कमी करायला). अल्टरनेटरमुळे पॉझिटिव्ह अर्थचं निगेटिव्ह करावं लागलं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं होतं, तिथे आता निगेटिव्ह आहे. पत्र्याला एकही नवं भोक पाडलेलं नाही. डायनामो, त्याचा रेग्युलेटर, पंख्याची पाती, पॉइंटची प्लेट, काढलेला प्रत्येक भाग तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलाय, म्हणजे सगळं परत फिरवता येतं.

माझं मत: गाडी आहे तशी द्यावी, ट्रंक सोबत द्यावी, आणि या बदलांपायी किंमत कमी करू नये. तुम्हाला काय वाटतं?

क्रोमबंपर
मला अजिबात पटलेलं नाही. विकण्याआधी सगळं मूळ जागी बसवा. हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत बॉनेट उघडलं की जाणकारांची नजर आधी कुठे जाते, ते तुम्हीही पाहिलं असेल. आणि ट्रंकेतला डायनामो चालतो हे घेणाऱ्याने कशावरून मानायचं? गाडीवर बसलेला, बॅटरी चार्ज करणारा डायनामो हा पुरावा. ट्रंकेतला डायनामो म्हणजे नुसता शब्द. शब्दाला पूर्ण पैसे कोण देईल?

गिरगाव गॅरेज
क्रोमबंपरसाहेब, तुम्ही गाडी उभी बघताय. मी ती पेडर रोडच्या चढावर, जुलैत, सिग्नलला अडकलेली बघतो. गाडी उभी राहून इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वांत मंद, आलं की डायनामो जवळपास काहीच देत नाही, डॅशचा लाल दिवा लागतो. त्यात हेडलाइट आणि वायपर चालू, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. मूळ पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे गाडी थांबल्यावर हवा सर्वांत जास्त हवी तेव्हाच तो सर्वांत हळू. नवा मालक महिन्याभरात हेच बदल पुन्हा करून घेणार.

वर हे जुनं वायरिंग दोनदा हलवायचं. त्या काळच्या ल्युकासच्या जोडांवरच्या रबरी नळ्या आता लाकडासारख्या कडक झाल्यात. ओढायला गेलं की तारच तुटून हातात येते.

ठाणेकरीण
एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. त्या वर्षीच्या एमजीबीचा आरपीएम मीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा) विजेवर चालतो आणि त्याला अर्थची बाजू बदललेली चालत नाही. म्हणजे तो आतून उघडला असणार. मग ‘सगळं परत फिरवता येतं’ हे अर्धंच खरं. शिवाय नवख्या मालकाने ट्रंकेतली जुनी चिठ्ठी वाचून, अल्टरनेटर न काढता बॅटरी पॉझिटिव्ह अर्थला जोडली, तर अल्टरनेटरमधले डायोड त्याच क्षणी जळतील. दादा, चिठ्ठ्या पुरेशा नाहीत, लिहून काढलेला वायरिंगचा नकाशा हवा.

शिवाजीपार्ककर
ताई, मीटर उघडलाय हे खरं. आतल्या दोन तारांची अदलाबदल आणि मागच्या पांढऱ्या तारेचा फेरा उलटा, एवढंच काम. आधीचे फोटो आहेत. नकाशा करून देतो, तुमची सूचना रास्त आहे.

क्रोमबंपर
आणि कायद्याचं काय? व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते.

वडाळा आरटीओवाला
त्याचं नीट सांगतो. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली खासगी गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरावर नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा यावर आहे. अल्टरनेटर किंवा रिले त्यात बसतो असं मला वाटत नाही. पण त्या नंबरावर गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तेव्हा ती नोंदणी करायची की नाही हे घेणाऱ्याला ठरवू द्या. तुम्ही फक्त इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून ठेवा.

गिरगाव गॅरेज
डायनामोवर इतकं बोललो आणि सिलवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीवर, कोणी बोललं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. एमजीबीला वेगळी चासी नाही, रोडस्टरला वर छप्परही नाही. दोन्ही बाजूंच्या सिल आणि दोन सीटांमधला लांबट पत्र्याचा बोगदा, यांच्यावर सगळी गाडी तोललेली आहे. आपल्या हवेत त्या आतून सडतात. कित्येक डेंटर जुना सडका पत्रा तसाच ठेवून वरून नवा चढवतात, पुट्टी, रंग, झालं. बाहेरून चकाचक.

घेणाऱ्याने असं करावं: दार लावून दाराच्या मागच्या फटीत बोट फिरवावं. मग मागचं चाक जॅकने उचलावं आणि पुन्हा बोट फिरवावं. फट वर मिटली, किंवा दार उघडताना अडकलं, तर गाडी मधून वाकतेय. अशा गाडीवर फॅक्टरीतला डायनामो असला तरी मी तिला हात लावणार नाही. आणि फट जागची हलली नाही, तर अल्टरनेटरवरून घासाघीस करणाऱ्याला ही गाडी देऊच नका.

क्रोमबंपर
सिलचं शंभर टक्के मान्य. पण ती शाबूत असणं ही पहिली अट झाली, मूळपणाची किंमत त्याच्या वरची. मी घेणारा असतो तर डायनामो, मीटर आणि अर्थ परत फिरवायची मजुरी किमतीतून वजा केली असती.

शिवाजीपार्ककर
मजुरी वजा करणार नाही. ज्या बदलांमुळे ही गाडी पावसातसुद्धा घरी पोचली, त्यांचा दंड मी भरणार नाही. मात्र पुराव्याचा मुद्दा पटला. डायनामो आणि रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनकडे टेस्ट बेंचवर लावतो आणि घेणाऱ्यासमोर चार्ज दाखवतो. सिल रॅम्पवर चढवून खालून दाखवीन, जॅक लावायलाही माझी ना नाही. गाडी कोणाला द्यायची हे मात्र मी पैशांवरून नाही, त्याच्या गॅरेजवरून ठरवणार. उघड्यावर ठेवणाऱ्याने फोन करू नये.

क्रोमबंपर
बेंचवर चार्ज दिसला तर डायनामोबद्दलची माझी हरकत मागे. अर्थबद्दलची नाही.