दूध-साखरेविना फज : फ्रिजबाहेर काढलं की वड्यांचा गोळा होतोय, मदत हवी आहे

तीनदा हात पोळून घेतल्यावर इथे विचारतेय. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

मुलीने दूध-तूप पूर्ण सोडलंय. आता तिला फज, म्हणजे बर्फीसारखी मऊ चॉकलेटी वडी, हवंय, त्यात पांढरी साखर नको, आणि मध मधमाश्यांचा म्हणून तोही बाद. उरलं काय, तर खजूर आणि मेपल सिरप.

पहिल्या वेळी २५० ग्रॅम बिनबियांचा खजूर गरम पाण्यात तासभर भिजवला आणि त्याच पाण्यासकट मिक्सरमधून काढला. त्यात १५० ग्रॅम बदामाचं बटर, ८० ग्रॅम वितळवलेलं खोबरेल तेल, ४० ग्रॅम कोको पावडर, चिमूटभर मीठ. बटर पेपर घातलेल्या भांड्यात थापून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी सुरी फिरवली तर काय सुरेख वड्या पडल्या! कडा अगदी काटकोनात. डबा भरून ओट्यावर ठेवला, अंघोळ करून आले, तर वड्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या आणि डब्याच्या तळाशी तेल.

दुसऱ्या वेळी खोबरेल तेल टाळलं. ४०० मिली नारळाचं दूध निम्म्यावर आटवलं, खजुराची पेस्ट घालून मंद आचेवर तासभर ढवळत बसले. खाली लागलं, वर सॉस झाला. चव अप्रतिम, पण वाटी-चमच्याने खायचं फज कुणी ऐकलंय का?

तिसऱ्या वेळी बदामाचं बटर कोमट करून त्यात मेपल सिरप ओतलं. दोन वेढे ढवळलं नाही तोच सगळं आवळून आलं, खिडकीच्या काचेला लावायच्या लांबीसारखं. ढवळावं तसं तेल सुटत गेलं.

निदान दोन-चार तास बाहेर टिकेल असं फज या सामानात होतं का? की आगर (चायना ग्रास) घालू?

प्रतिसाद १

आगर नका घालू. जेली होईल. सुरीने कापली जाईल, पण दाताखाली फज लागणार नाही. अनुभवाचे बोल आहेत.

प्रतिसाद २

तुमचं मोजमाप चुकलेलं नाही, अपेक्षा चुकलीय. साखरेचं फज घट्ट होतं ते साखरेच्या बारीक कणांमुळे. पाक ११२ ते ११५ अंशांवर नेतात, गार करतात, मग घोटतात, की कण धरतात. खजुरात बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. ते असे कण धरत तर नाहीतच, उलट दुसऱ्या साखरेलाही धरू देत नाहीत. म्हणून नारळाच्या दुधात खजूर घालून तुम्ही रात्रभर ढवळलं असतं तरी सॉसच झाला असता.

म्हणजे खजुराच्या फजला घट्टपणा द्यायला हाताशी राहिला फक्त स्निग्ध पदार्थ. आणि तुम्ही घेतलं खोबरेल तेल, जे २४ अंशांच्या आसपास वितळतं. तुमच्या ओट्यावर त्याहून जास्त असणारच. त्याऐवजी कोको बटर (कोकोच्या बियांतलं घट्ट तेल, त्यात दूध नसतं) घ्या, ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं. मात्र बदामाच्या बटरमधलं तेल त्यात मिसळलं की तेही थोडं मऊ पडतं, म्हणून बदामाचं बटर १५० वरून ८०-९० ग्रॅमवर आणा.

दुसरी गोष्ट पाणी. तासभर भिजवून वर ते पाणीही घातलंत! मऊ खजूर असेल तर भिजवूच नका, दोन चमचे गरम पाणी घालून वाटा. कडक असेल तर दहा मिनिटं भिजवून, पाणी निथळून, फडक्याने टिपून घ्या. पेस्ट चमच्यावरून घरंगळता कामा नये.

आणि हे नीट वाचा, कारण मी इथेच दोनदा घसरलोय: कोको बटर आणि खजुराची पेस्ट दोन्ही कोमट, साधारण ४० अंश, असताना एकत्र करायची. गार पेस्टमध्ये वितळलेलं कोको बटर ओतलं की जागच्या जागी त्याचे मेणासारखे दाणे होतात आणि मग ते मोडत नाहीत. पेस्टचं भांडं गरम पाण्यावर धरा, कोको बटर धार धरून थोडं थोडं घाला, मध्ये घोटत राहा.

तिसऱ्या वेळच्या लांबीला अजून इलाज होता. थोडंसं पाणी सुक्या कणांना चिकटवून गोळे करतं, थोडं जास्त झालं की तेच सैल होतं. एकेक चमचा उकळतं पाणी घालून घोटलं असतं तर सुटलेलं तेल परत आत गेलं असतं. टाकून दिलं नसेल तर अजूनही करून बघा.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. मेपल सिरपमध्ये मुख्यतः सुक्रोज, म्हणजे साध्या साखरेत असतं तेच, असतं, तेव्हा त्याचं खरंखुरं, कण धरणारं फज होऊ शकतं. नारळाच्या घट्ट दुधात आटवून मऊ गोळीबंद करायचं. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाकून बोटांत धरा, मऊ गोळी वळली पाहिजे. मग ४५-५० अंशांपर्यंत गार होईतो त्याला अजिबात हात लावायचा नाही. मोह होतो, पण नाही. गरम असताना ढवळलं तर रवाळ होतं. नंतर लाकडी चमच्याने घोटा, चकाकी गेली की लगेच थापा. खजूर यात चिमटीएवढाही नको.

बाकी 'नैसर्गिक' म्हणून कुणी अर्धा डबा संपवू नये. खजुरात १०० ग्रॅममागे ६५ ग्रॅमच्या आसपास साखरच असते.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. लांबी टाकली नव्हती! तीन चमचे उकळतं पाणी घातल्यावर, काय सांगू, रेशमासारखी झाली. ती आता पावाला लावतोय.

काल कोको बटरवालं केलं. खजूर २५०, बदामाचं बटर ८५, कोको बटर ७०, कोको पावडर ३०. घोटताना एका क्षणी सगळं फाटल्यासारखं दिसलं, चमचाभर गरम पाण्याने सावरलं. सकाळी काढलेल्या वड्या दुपारी जेवणानंतरही सुट्या होत्या. बोटाला थोड्या लागतात, तेवढं चालेल. फक्त वरून पांढरट डाग आलेत. बुरशी तर नाही ना?

प्रतिसाद २

एका रात्रीत बुरशी येत नाही. बोट फिरवून बघा, ऊब लागून विरघळलं तर कोको बटरच वर आलंय. खायला हरकत नाही. डाग दिसायला नको असतील तर वरून चाळणीने कोको पावडर भुरभुरवा.

धागाकर्ती

विरघळलं. भुरभुरवायला मात्र काही उरलेलं नाही. मेपलचं रविवारी करणार आहे, हात न लावता बसणं जमलं तर सांगते.