अमेरिकेचा पेहराव कोणी घडवला : आयव्ही लीगने की तिच्या शिंप्यांनी?

शिंपीआळी
'हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या खानदानी परंपरेने अमेरिकेला कपडे घालायला शिकवले' असे ठासून सांगणारा लेख काल येथे आला. त्यात शिंप्यांचा आणि दुकानदारांचा साधा उल्लेखही नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कॉलरची टोके बटणांनी बसवण्याची कल्पना ब्रुक्स ब्रदर्स या न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या पेढीच्या जॉन ब्रुक्स यांनी इंग्लंडमधल्या पोलो खेळाडूंच्या सदऱ्यांवरून उचलली. येलच्या दाराशी १९०२ मध्ये दुकान थाटणारे जॅकोबी प्रेस लाटव्हियातून आलेले ज्यू स्थलांतरित होते. आणि आज जगभर 'प्रेपी', म्हणजे बड्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांच्या थाटाचे, म्हणून जे खपते ते विकणारे राल्फ लॉरेन न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये घरे रंगवणाऱ्या एका स्थलांतरिताच्या घरी जन्मले. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या त्या आठ जुन्या विद्यापीठांत, ते कधी शिकले नाहीत. यात खानदान कोणाचे?

अनघा, बॉस्टन
दुकानदार माल मांडतो, पण तो कुठे आणि कसा घालायचा हे गिऱ्हाईक ठरवते, एवढे तरी मान्य करा. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये छातीवर 'एच' लावला, आणि आज अमेरिकेतल्या गावोगावच्या हायस्कुलांत अक्षराचे जॅकेट मिरवले जाते. प्रिन्स्टनच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी बीअरचा फेस चांगल्या कपड्यांवर सांडू नये म्हणून १९१० च्या दशकात कामगारांचे डेनिम अंगावर चढवले. खेळाचे आणि कष्टाचे कपडे बिनदिक्कत वर्गात घालून येणे हा उद्धटपणा त्या मुलांचा होता, शिंप्याचा नव्हे. माझ्या कचेरीत आज कोणी टाय बांधत नाही, त्याचे मूळ तिथे आहे.

मागावरचा, इचलकरंजी
दोघांनीही कापड विणणाऱ्याला बाहेरच ठेवले आहे. १९५८ च्या सुमारास मद्रासचे चौकडीचे हातमाग कापड ब्रुक्स ब्रदर्सच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचले आणि पहिल्याच धुण्यात त्याचा रंग उतरला. तक्रारी आल्या, तेव्हा 'रंग उतरण्याची हमी' अशी जाहिरात करून तोच दोष मिरवायचा गुण म्हणून विकला गेला. ते कापड पुरवणारे कृष्णन नायर पुढे लीला हॉटेलांचे मालक झाले, हे ठीकच. माझ्या वडिलांचा चौकडीचा माल मात्र रंग फुटला म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्याने परत पाठवला आणि वर गाडीभाडेही कापून घेतले. आमच्याकडे कॉलेज नव्हते, म्हणून आमचा दोष दोषच राहिला.

शिंपीआळी
मागावरचे यांनी नेमके बोट ठेवले. येलचे नावच मुळी मद्रासच्या व्यापारावर उभे आहे! तेथे ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर राहिलेल्या एलिहू येल यांनी १७१८ मध्ये पाठवलेल्या नऊ गाठी माल विकून ५६२ पौंड आले आणि कॉलेजने त्यांचे नाव घेतले.

अनघा, बॉस्टन
चर्चा कपड्यांच्या प्रभावाची आहे, ईस्ट इंडिया कंपनीच्या पापांची नव्हे. अडचण आली की मद्रासच्या गाठी सोडायच्या, ही सवय आता पुरे.

तोक्योकर
भांडण चालू द्या, पण दोन गोष्टी राहिल्या. खाकी पॅन्ट कॅम्पसवर रुजवली ती १९४४ च्या कायद्यामुळे फुकट शिकायला आलेल्या माजी सैनिकांनी, आणि ते काही खानदानी नव्हते. शिवाय ही शैली अमेरिकेत विटली तेव्हा जपानने ती जपली. १९६४ मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, तोक्योच्या गिंझा भागात असे कपडे घालून उभ्या राहणाऱ्या मुलांना पोलिसांनी पकडले होते, आणि १९८६ मध्ये जॅकोबी प्रेस यांची जे. प्रेस ही पेढीच एका जपानी कंपनीने विकत घेतली. माझ्या येथील शेजाऱ्याला ऑक्सफर्ड कापडाच्या विणीबद्दल जेवढी माहिती आहे, तेवढी बॉस्टनमध्ये क्वचितच कोणाला असेल.

अनघा, बॉस्टन
बॉस्टनवरचा टोमणा पोचला. जॅझवादक माइल्स डेव्हिस हार्वर्डजवळच्या, आमच्या केंब्रिजमधल्या अँडोव्हर शॉप या दुकानातून कपडे घेत, आणि ते काही हार्वर्डचे विद्यार्थी नव्हते, हे तुमच्याआधी मीच सांगून टाकते. पण जपानी मुलांना, सैनिकांना आणि जॅझवाल्यांना नक्कल करावीशी वाटली ती याच कॅम्पसची, लष्करी छावणीची नव्हे. शिंपी, सैनिक, विणकर या सगळ्यांना हवे तेवढे श्रेय वाटा, नमुना तिथलाच होता.

मागावरचा, इचलकरंजी
नमुना तुमचा, घ्या. 'रंग उतरण्याची हमी' देऊन जो भाव आला, त्यातले मद्रासच्या विणकराला किती पोचले हे मी विचारणारच आहे, आणि अनघाताईंनी त्याला पुन्हा विषयांतर म्हणू नये.