मदत हवी आहे : आई खाते कमी, तरी वजन उतरत नाही

नमस्कार मंडळी, आम्ही ऐरोलीला राहतो. आई ५४ वर्षांची, पाळी थांबल्यापासून वजन वाढतंच आहे. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, रात्री नुसती पेज. नातेवाईक म्हणतात, 'चोरून खात असेल'. ती रडते, मला भयंकर राग येतो! थायरॉईड, साखर नॉर्मल. मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात, म्हणून आता फोडणीचं तेलही मोजते. गोड चहा, येताजाता खाल्लेले शेंगदाणेही धरायचे ना? दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बऱ्याचदा झाल्यात, त्यानेही वजन वाढतं. हे कोणाला विचारू? वाशी-ठाण्यात नीट ऐकून घेणारे हार्मोनतज्ज्ञ सुचवा. गुडघे दुखतात, लिफ्ट असलेला दवाखाना हवा.