पॅन्टोप्राझोल दोन वर्षे रोज घेतली, आता बंद कशी करावी?

मुलुंडकर: छातीत जळजळ आणि करपट ढेकर यांसाठी डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅमची गोळी महिनाभरासाठी लिहून दिली होती. त्यानंतर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी कधी मागितली नाही आणि मीही सकाळची लोकल गाठण्याच्या घाईत, चहा-पोळीबरोबर, ती दोन वर्षे घेत राहिलो. मागच्या महिन्यात चार दिवस बंद केली, तर जळजळ पहिल्यापेक्षा जास्त झाली. मी शाकाहारी आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत बी-१२ कमी आले. गोळीचा संबंध असेल का?

दादरचा फार्मासिस्ट: आधी वेळेबद्दल. जठरातील आम्ल तयार करणारे पंप जेवणाने जागे होतात आणि ही गोळी जाग्या पंपांनाच बंद करते, म्हणून ती न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. चहा-पोळीबरोबर घेतल्यास तिचा परिणाम कमी होऊ शकतो. बंद केल्यावर उसळलेली जळजळ म्हणजे मूळ आजार परतला असेच नाही. आम्ल दीर्घकाळ दबलेले राहिले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते आणि गोळी थांबताच काही आठवडे आम्ल जास्तच सुटते. त्यामुळे डॉक्टर बहुधा आधी मात्रा निम्मी करतात, मग दिवसाआड देतात आणि मधल्या काळात गरजेपुरते पातळ अँटासिड सुचवतात. अन्नातील प्रथिनांपासून बी-१२ सुटे होण्यास आम्ल लागते, आणि शाकाहारी माणसाला बी-१२ मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेता का? त्यानेही बी-१२ घटते.

गिरगावकरीण: एक सावधगिरी सांगते. माझ्या वडिलांना स्टेंट बसवल्यापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश वाचून त्यांनी आम्लाची गोळी परस्पर सोडली आणि तीन आठवड्यांत डांबरासारखे काळे शौच होऊ लागले. त्यांची गोळी जळजळीसाठी नव्हतीच, जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून होती. (क्लोपिडोग्रेलचा परिणाम ओमेप्राझोल या त्याच प्रकारच्या आम्लाच्या गोळीमुळे घटतो, म्हणून त्यांना पॅन्टोप्राझोल दिली होती.)

मुलुंडकर: मेटफॉर्मिन तीन वर्षांपासून चालू आहे, रक्त पातळ करणारे काही घेत नाही. रात्री पोटऱ्यांत गोळेही येतात, तेही यामुळेच का?

दादरचा फार्मासिस्ट: कारणे अनेक असू शकतात, पण ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम कमी होऊ शकते. डॉक्टरांकडे जाताना दोन वर्षांचा हिशेब स्पष्ट सांगा आणि मॅग्नेशियमची तपासणी करावी का, तेही विचारा.