साखर उताऱ्यावर पीएचडी: शेतकी, समाजशास्त्र आणि मॅनेजमेंट यांची सांगड कशी घालायची?

सुरू_लागण
नमस्कार. मी राहुरीकडची, ऊसवाल्या घरातली. पुण्यात मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. विषय असा: शेजारशेजारचे दोन सहकारी साखर कारखाने, पाणी एकाच कालव्याचं, जमीनही सारखीच, तरी उताऱ्यात, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यात, जवळजवळ एक टक्क्याचा फरक का?

एक टक्का म्हणजे थोडं नाही. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे एका टक्क्याला टनामागे ३४६ रुपये. आमच्या दोन एकरांत तेवढ्यावर भावाची कॉलेजची फी निघते.

पहिल्या वर्षी मी संचालकांसाठी धोरणावरची प्रश्नावली केली. दोन्हीकडून सारखीच उत्तरं आली: शेतकऱ्याचं हित आधी, आधुनिकीकरणावर भर. त्यातून फरकाचं कारण काही हाती लागेना. मग कृषी विद्यापीठातली एक मैत्रीण आणि समाजशास्त्रातला एक मित्र यांना सोबत घेतलं. ती म्हणते वाण आणि खोडव्याचं (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं) प्रमाण बघ. तो म्हणतो मुकादम (तोडणी टोळीचा म्होरक्या) आणि उचल (मजुरांनी हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) बघ. तिघांनी एकेक प्रकरण लिहिलं. प्रकरणं सुटी वाचली तर चांगली आहेत, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. गाईड म्हणतात, असंच राहणार असेल तर ती दोन काढून टाक. मला काढायची नाहीत. कुणी असं काम केलंय का?

पाचट_कुट्टी
ताई, मी संशोधक नाही. एका कारखान्याच्या शेतकी खात्यात ३१ वर्षं काढली. चिटबॉय, म्हणजे गावात ऊसतोडीची नोंद ठेवणारा कारकून, म्हणून लागलो, ऊस पुरवठा अधिकारी म्हणून निवृत्त झालो.

तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात गाळपाला, पडला पाहिजे, हे आम्हाला तोंडपाठ. उशीर झाला की वजन घटतं, शिवाय उसातल्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, ती पोत्यात येत नाही. एका हंगामात बाहेरून सल्लागार आणले. त्यांनी वाहनांचं वेळापत्रक केलं, कोणत्या गटातून (गावांच्या विभागातून) किती गाड्या, किती वाजता. कागदावर चोख. तरी यार्डात गाड्या तुंबायच्या आणि कच्चा ऊस यायचा तो यायचाच.

याचं मूळ वाढ्यात, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या चाऱ्यात, होतं. टोळी अंधारातच फडात (तोडीच्या उसाच्या शेतात) उतरते, कारण वाढं सकाळी विकलं जातं. गायीम्हशीवाले आठ-नऊच्या आत पेंढ्या घेऊन जातात. टोळीच्या हातात रोज पडणारा रोख पैसा तेवढाच. तोडीची मजुरी उचलीत वळती होते. मग ज्या फडाला हिरवंगार वाढं, तो तिला आधी हवा. आणि हिरवंगार वाढं म्हणजे बहुतेक वेळा ऊस अजून वाढीला, पिकलेला नाही. आमचा तोड कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे लागलेला असायचा, आणि मुकादम चिटबॉयला गाठून फड बदलून घ्यायचा. त्यात कुणा शेतकऱ्याने टोळीला खुशाली (वरचे पैसे) दिली की त्याचा ऊस पुढे.

आता मला सांगा, वाढ्याचा भाव तुमच्या तीनपैकी कुठल्या प्रकरणात बसवाल?

एका गटात आम्ही ठरवून पाहिलं होतं. कुठलाही फड असो, वाढ्याचे पैसे टोळीला ठरलेल्या दराने मिळतील, फरक कारखाना भरेल. तोड क्रमाने झाली. पुढच्या हंगामात ते बंद पडलं. संचालक मंडळाला खर्च दिसत होता, आणि उतारा त्यामुळेच वाढला हे दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता. त्याची रुखरुख अजून आहे. तो कागद तुम्ही तिघं तयार करू शकता.

प्रवराकाठ
वाढ्याचा मुद्दा मोलाचा आहे, तो सोडू नका.

अभ्यासक आणि कारखाना ही जोडी आपल्याकडे जुनी. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला कारखाना उभा केला, त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ. पुढे समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर आणि कॅनडातले मानववंशशास्त्रज्ञ डॉनल्ड अ‍ॅटवुड यांनी आपापला गावातला अभ्यास एकत्र करून १९८० च्या दशकात मांडणी केली: कारखाना पूर्ण क्षमतेने चालायला मोठ्या बागायतदाराला लहानाचा ऊस लागतोच, म्हणून दोघांचं हित जुळतं. २००१ मध्ये अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे या अर्थतज्ज्ञांनी याच महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आकड्यांवरून वेगळं दाखवलं: लहान-मोठे मिसळ असतील तिथे सत्ता मोठ्यांच्या हाती जाते आणि उसाचा दर दाबला जातो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मला दोन्हींत तथ्य वाटतं. मात्र कुठे पहिलं आणि कुठे दुसरं, याचा निवाडा एकट्या शास्त्राला करता येणार नाही.

आणखी एक गाठ. दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, पैसे मिळतात वजनावर. माझा ऊस गोड असो की कच्चा, टनाला दर तोच. मग मी टनेज देणारंच वाण लावणार. तुमच्या मैत्रिणीला वाण दिसतं, त्यामागचा हा हिशेब तिच्या प्रकरणात नसेल.

म्हणून विषयवार प्रकरणं मोडा. दोन्ही कारखान्यांचे थोडे फड निवडा आणि प्रत्येक फड नोंदीपासून गव्हाणीपर्यंत तिघांनी मिळून बघा. दर टप्प्याला विचारा, हे कुणी ठरवलं? संचालकांनी छापलेल्या अहवालापेक्षा धोरण तिथे सापडेल.

आकडेमोड
दोनच गोष्टी. लेखकांचा क्रम आत्ताच लिहून ठेवा, नंतर मैत्री तुटते, मी पाहिलंय. आणि टोळीतल्या कुणाचं नाव, गाव, मुकादम डेटात ठेवू नका. फडात बोललेलं कारखान्यापर्यंत पोचलं तर पुढच्या वर्षी त्या जोडप्याला उचल मिळणार नाही.

सुरू_लागण
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघं बसलो आणि प्रकरणं खरंच मोडली. वाढ्याचं ऐकून मैत्रीण म्हणाली, शेंड्याकडच्या आणि बुडख्याच्या कांड्यांचा ब्रिक्स (रसाच्या गोडीचं माप) फडातच मोजता येतो, पक्वता तिथल्या तिथे कळेल. मित्र टोळीबरोबर पहाटेपासून थांबणार आहे.

एक अडचण आहे. काटा पावतीवर वजनाची वेळ आहे, तोडीची कुठेच नाही. दोन्ही कारखान्यांत तेच. काका, तोडीची वेळ कुठे मिळेल?

पाचट_कुट्टी
चिटबॉयच्या वहीत. आमच्याकडे कॉम्प्युटरवर ती कधी चढली नाही. फड कधी धरला, गाडी कधी भरली, पोरं पेनाने लिहितात, आणि हंगाम संपला की वह्या रद्दीत जातात. या हंगामाच्या अजून गट ऑफिसात असतील. उद्याच शेतकी अधिकाऱ्यांना अर्ज द्या. अक्षर लागलं नाही तर मला बोलवा, मी येऊन वाचून देतो.