महागड्या केबलने आवाज खरंच बदलतो का?

प्रश्न (तबकडी): मित्राने स्पीकरच्या वायर बदलल्या, बोटाएवढ्या जाड, वर कसलंसं विणकाम केलेलं. म्हणतो बेस घट्ट झाला, गाणारा समोर उभा राहिल्यासारखा वाटतो. गंमत म्हणजे त्याने सांगितल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं! हे खरं की मनाचे खेळ?

खरखर: वायर बदलताना अॅम्प (स्पीकरला आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायर) बंद केला असेल ना, मग परत चालू केल्यावर व्हॉल्यूम तिथेच होता का? आवाज अर्धा डेसिबल जरी वाढला तरी तो मोठा झालाय असं कळत नाही, नुसता "छान" वाटतो, सगळी मेख तिथेच आहे. वायरचं म्हणाल तर अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर 5 मीटर घेतली, जाऊन येऊन 10 मीटर, तर रेझिस्टन्स जेमतेम 0.07 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरला त्याने 0.1 डेसिबलचाही फरक पडत नाही. हां, केसासारखी बारीक आणि लांबलचक वायर असेल तर पडतो, पण त्यावर उपाय म्हणजे जरा जाड वायर, विणकाम नव्हे.

रसिक_कान: सगळं मीटरवर मोजता येत नाही हो. शेवटी कान महत्त्वाचे.

खरखर: अहो मग कानांनीच ठरवा की! ब्लाइंड टेस्टमध्ये मीटर कुठे असतो, फक्त काय लावलंय ते माहीत नसतं. केबलचं नाही, पण असंच एक उदाहरण: मेयर आणि मोरान या दोन संशोधकांनी 2007 मध्ये हाय-रेझोल्यूशन (सीडीपेक्षा बारकाईने नोंदवलेला) ऑडिओ आणि तोच ऑडिओ सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झवर उतरवून लोकांना ऐकवला होता, 554 पैकी 276 उत्तरं बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

कोपरा: वायर राहू द्या, सोफा भिंतीला चिकटलाय का ते आधी बघा. 5 मीटर लांबीच्या खोलीत 34 हर्ट्झच्या आसपास बेस भिंतीपाशी घुमतो आणि मधोमध गायब होतो. खुर्ची अर्धा मीटर पुढे घेतली की जो फरक पडतो तो कुठल्याही केबलने पडणार नाही, तोही फुकट.

तबकडी: मित्राला टेस्टचं विचारलं. म्हणतो परीक्षेसारखं ऐकलं की टेन्शन येतं आणि बारीक फरक निसटतात 😅

खरखर: मग घाई कशाला, हवा तितका वेळ द्या त्याला. वायर पडद्यामागे, रोज सकाळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी नाणं उडवून जुनी किंवा नवी लावायची आणि कुठेतरी लिहून ठेवायचं, मित्राने दिवसभर आरामात आवडीची गाणी ऐकून रात्री उत्तर द्यायचं. असे 16 दिवस. 12 किंवा जास्त बरोबर आले तर मीही ती वायर घेतो, 9-10 आले तर ते नशिबानेही येतात.