मदत हवी आहे: संस्थेचं खातं अडकलंय, बँक सह्या बदलून देत नाही

नाइलाजाने_सचिव
मराठीत विज्ञानलेखन करणाऱ्यांची आमची छोटी संस्था आहे. ४६ सभासद, वर्गणी वर्षाला ५०० रुपये. जुलैच्या सर्वसाधारण सभेत नवी कार्यकारिणी निवडून आली आणि सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. ठरावाची प्रत घेऊन बँकेत तीनदा जाऊन आलो. दर वेळी एकच उत्तर, "परिशिष्ट एकवर तुमची नावं नाहीत." म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत अजून जुनीच नावं आहेत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, लेखनपुरस्कार द्यायचे आहेत. हॉलचे पैसे या महिन्यात भरायचे आहेत. पैसे आहेत, पण काढता येत नाहीत. काय करू? लवकर सांगा. आणि कृपया 'बँक बदला' म्हणू नका.

चौथी_मिती
बँक बदला.

कागदोपत्री
नोंदणी कुठली? १८६० च्या कायद्याखाली सोसायटी, की नुसता ट्रस्ट? दाखल्यावर एफ नंबर आहे का?

नाइलाजाने_सचिव
नोंदणी आहे हो, त्याशिवाय खातं कसं उघडेल? एफ आहे.

कागदोपत्री
म्हणजे सोसायटी, आणि धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद. मग चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अर्ज, आयुक्तांकडे टाकलात का? सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम २२. बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो.

नाइलाजाने_सचिव
ते सगळं जुने सचिव बघायचे.

कागदोपत्री
म्हणजे टाकला नाही. जुलैला झाले पाच महिने. आता विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल. सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपट, इतिवृत्त, नव्या लोकांची संमतीपत्रं. जुन्यांनी 'हरकत नाही' असं लिहून दिलं तर काम सुटतं. त्यांनी हरकत घेतली तर तारखा मोजत बसाल. आणि त्याआधीचे बदल तरी नोंदलेत का? बऱ्याच संस्थांच्या परिशिष्टावर पहिलीच माणसं असतात, त्यातली दोन वारलेली.

पूर्णविराम
या जाचातून सुटायचं तर सेक्शन ८ कंपनी काढा, म्हणजे कंपनी कायद्यातली ना-नफा कंपनी. आम्ही काढली. सगळं ऑनलाइन.

कागदोपत्री
आणि दरवर्षी सीएची फी, वार्षिक विवरणपत्रं, शिवाय अधूनमधून संचालकांचं केवायसी हे कोण करणार? ४६ जणांच्या वर्गणीत? हिशेब करून बघा: ४६ गुणिले ५००.

पूर्णविराम
तुम्हाला आयुक्तालयाच्या पायऱ्या आवडतात, त्याला मी काय करणार?

आजोळ_सातारा
मला मुळात वेगळी संस्था कशाला हेच कळत नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे. त्यांच्याच कथास्पर्धेत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. तिथे जा की.

नाइलाजाने_सचिव
काका, परिषद विज्ञान लोकांपर्यंत नेते. आम्ही लिहिणाऱ्यांचं बघतो. मानधन किती, ते कधी मिळणार, लेखाचे हक्क कोणाकडे, न विचारता पुनर्मुद्रण झालं तर काय. एका संपादकाने आमच्या सभासदाचा लेख दुसऱ्याच्या नावाने छापला होता, तेव्हा पत्र आम्ही पाठवलं. अमेरिकेत अशी संघटना १९३४ पासून आहे, ब्रिटनमध्ये १९४७ पासून, आणि दिल्लीत इस्वा (इंडियन सायन्स रायटर्स असोसिएशन) १९८५ पासून. पण माझा प्रश्न बँकेचा आहे!

चौथी_मिती
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, संस्था बंद करा. गूगल पे वर वर्गणी.

शेवंती_१२
वर्गणी कोणाच्या गूगल पे वर? तुमच्या? 🙂

शेवंती_१२
धागाकर्ते, एक विचारते. जुने सचिव ना हरकत देत नाहीत का? भांडण आहे?

नाइलाजाने_सचिव
भांडण म्हणजे… औषध कंपनीच्या जनसंपर्क विभागातल्या एक बाई आहेत. फार छान लिहितात. त्यांना सभासद करून घ्यायचं आम्ही बहुमताने ठरवलं. जुने सचिव म्हणाले, "पगार कंपनीचा आणि लेखणी विज्ञानाची असं चालत नाही." राजीनामा न देताच उठून गेले. निवडणुकीला उभेही राहिले नाहीत.

आजोळ_सातारा
त्यांचं बरोबर आहे. उद्या त्याच कंपनीच्या गोळीवर लेख आला तर?

पूर्णविराम
मग विद्यापीठाच्या पगारावरचे प्राध्यापक कसे चालतात? त्यांचाही लेख स्वतःच्या प्रयोगशाळेचं कौतुकच असतो बऱ्याचदा. अमेरिकेच्या संघटनेत जनसंपर्कवाले सभासद आहेत. वाद झाला तो त्यांना पदाधिकारी होऊ द्यायचं का यावर.

आजोळ_सातारा
तेच तर. सभासद करा, पद देऊ नका. घटनेत सहयोगी सभासदाची तरतूद करा आणि लेखाखाली नोकरी जाहीर करायची सक्ती घाला. माणूस गेला नसता.

शेवंती_१२
खातं चालवायची पद्धत काय? म्हणजे सह्या कोणाच्या?

नाइलाजाने_सचिव
अध्यक्ष, सचिव, खजिनदार. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या. अर्थात जुन्या.

शेवंती_१२
अध्यक्ष बदलले का?

नाइलाजाने_सचिव
नाही, तेच. परत निवडून आले.

शेवंती_१२
आणि जुने खजिनदार?

नाइलाजाने_सचिव
लेकीकडे गोव्यात पर्वरीला असतात. त्यांचं कोणाशी वाकडं नाही. वयामुळे पद सोडलं.

शेवंती_१२
अहो मग अध्यक्ष आणि ते, झाल्या की दोन सह्या! बँकेच्या नोंदीत अजून तेच आहेत ना?

कागदोपत्री
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. चालेल, पण आधी नव्या कार्यकारिणीचा ठराव करा: चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत अमुक खर्चासाठी या दोघांनी सह्या कराव्यात. म्हणजे उद्या कोणी बोट ठेवणार नाही. आणि अर्ज थांबवू नका, याच आठवड्यात टाका. जुन्या सचिवांकडे स्वतः जा, वकिलाची नोटीस पाठवू नका.

चौथी_मिती
तरी म्हटलं बँक बदला.

नाइलाजाने_सचिव
शेवंतीताई, कागदोपत्री, आभारी आहे. खजिनदारांना फोन झाला, ते चेक कुरिअरने पाठवा म्हणाले, सही करून परत पाठवतील. अध्यक्षही तयार आहेत. फक्त आत्ता लक्षात आलं, चेकबुक जुन्या सचिवांच्या घरी आहे. रविवारी जातो.